शाळेचे आवार आणि विद्यार्थ्यांचे समाधान : मैदानाइतकीच मैदानाची कड का महत्त्वाची

शाळेची इमारत उभी करताना वर्गखोल्यांचा विचार सर्वांत आधी होतो, आणि खोल्या, कार्यालय, स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर असे सगळे नकाशात बसवून झाल्यावर जी जागा उरते तिला मैदान म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला आवश्यक असलेल्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात खेळाचे मैदान आहे, संरक्षक भिंत किंवा कुंपण आहे, अडथळाविरहित प्रवेशही आहे; परंतु मैदान किती मोठे असावे, त्यावर सावली असावी का, मुलांनी बसावे कोठे, याविषयी ती यादी काही सांगत नाही. साहजिकच तपासणीच्या तक्त्यात ‘मैदान : आहे’ अशी नोंद झाली की शाळा त्या रकान्यातून मोकळी होते. त्या आवारात रोज तास-दीड तास घालवणाऱ्या मुलांना ते कसे वाटते, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात येत नाही. गेल्या पन्नास वर्षांत पर्यावरण मानसशास्त्र आणि परिसर-रचना या दोन शाखांनी नेमक्या याच प्रश्नावर बरेच काम केले असून, त्यातून जे हाती आले ते आपल्या शाळांना लावून पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

आधी ‘विद्यार्थ्यांचे समाधान’ म्हणजे काय, ते नीट ठरवले पाहिजे. संशोधनात या शब्दांचा अर्थ मुलाने स्वतः आपल्या शालेय जीवनाबद्दल केलेले मूल्यमापन असा घेतला जातो : सकाळी शाळेत यावेसे वाटते का, येथे आपले कोणी आहे असे वाटते का, सुरक्षित वाटते का, काही करायला मिळते का. हे सहसा प्रश्नावलीने मोजतात आणि मुलाने ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते. या पद्धतीत एक अडचण आहे. मुलांनी दुसरी शाळा पाहिलेली नसते, समोर गुरुजी किंवा बाई उभ्या असतात, आणि जे रोजचे आहे ते तसेच असायचे असते अशी मुलांची समजूत असते. त्यामुळे उत्तरे बहुधा चांगलीच येतात. सावलीचा पत्ता नसलेल्या आवारातील मुलेही ‘मैदान आवडते’ या वाक्यापुढे बरोबरची खूण करतात. म्हणून केवळ प्रश्नावलीवर विसंबणारा अभ्यास थोडा हात राखून वाचावा, आणि मुले प्रत्यक्षात कोठे जातात, किती वेळ थांबतात, कोठे जायचे टाळतात, याच्या निरीक्षणाची जोड असलेल्या अभ्यासाला अधिक वजन द्यावे.

दुसरी गोष्ट अशी की समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोके असतीलच असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये नोकरदारांच्या संदर्भात ही मांडणी केली : काही गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण असल्या म्हणून तो खूश होत नाही, खरा आनंद देणाऱ्या गोष्टी निराळ्याच असतात. ही मांडणी शाळेच्या आवाराला चपखल बसते, असे मला वाटते. पिण्याचे पाणी, स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, पायाला चटके न देणारी जमीन, चिखल न साचणारी वाट या पहिल्या प्रकारातल्या गोष्टी. त्या आहेत म्हणून कोणतेही मूल घरी जाऊन कौतुक सांगणार नाही, पण नसतील तर दिवसभर कुरकुरेल. मैत्रिणीशी निवांत बोलायला मिळालेला कोपरा, चढायला मिळालेले झाड, स्वतः बांधलेले मातीचे धरण या दुसऱ्या प्रकारातल्या. शाळा दर्शनी भागात रंगीत घसरगुंडी बसवते आणि मागे तीनच नळांवर दोनशे मुले रांग लावतात, तेव्हा घसरगुंडीचा खर्च समाधानाच्या खात्यात जमा होत नाही, याचे कारण या भेदात आहे.

थकलेले लक्ष आणि खिडकीबाहेरचे झाड

आवारातील हिरवाईचा मनावर काय परिणाम होतो, याचे सर्वाधिक मान्यता पावलेले स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कॅप्लान या दांपत्याने १९८० च्या दशकात मांडले. त्यांच्या मते लक्ष देणे दोन प्रकारचे असते. गणित सोडवताना, शुद्धलेखन तपासताना किंवा बाईंचे बोलणे ऐकताना आपण बाजूचे आवाज आणि विचार प्रयत्नपूर्वक बाजूला सारतो. हे लक्ष काही वेळाने थकते, आणि थकले की मूल चिडचिडे, चंचल, चुका करणारे होते. दुसरे लक्ष आपोआप वेधले जाते : पानांची सळसळ, मुंग्यांची रांग, ढगांची सावली. त्याला प्रयत्न लागत नाहीत, म्हणून ते चालू असताना पहिल्याला विश्रांती मिळते. दूरचित्रवाणीसुद्धा लक्ष आपोआप वेधून घेते, परंतु ती ते असे घट्ट पकडते की मनाला मोकळीक उरत नाही; झाडाकडे पाहताना डोळे गुंततात आणि मन स्वतःच्या विचारात फिरू शकते, हा कॅप्लान यांच्या मांडणीचा गाभा आहे.

या दिशेने पहिला ठळक पुरावा रुग्णालयातून आला. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. शाळांबाबतचा तितकाच नेटका प्रयोग इलिनॉय विद्यापीठातील डोंगयिंग ली आणि विल्यम सलिव्हन यांनी केला व २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पाच माध्यमिक शाळांतील ९४ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन प्रकारच्या खोल्यांत वाटले : बिनखिडकीची खोली, इमारतींकडे किंवा मोकळ्या फरसबंदीकडे उघडणारी खोली आणि झाडांकडे उघडणारी खोली. सर्वांना सारखेच डोके शिणवणारे काम दिले, मग त्याच खोलीत दहा मिनिटे विश्रांती दिली. विश्रांतीनंतर झाडे दिसणाऱ्या खोलीतील मुलांचे लक्ष अधिक सावरले आणि ताणही लवकर उतरला. फरक कामाच्या वेळी पडला नाही, सुट्टीनंतर पडला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. हिरवाई सुट्टीला उपयोगी करते. सुट्टीच नसेल, किंवा ती वर्गातच बसून काढायची सक्ती असेल, तर बाहेरचे झाड फारसे काही करू शकत नाही.

बार्सिलोनात ३६ प्राथमिक शाळांमधील सात ते दहा वर्षांच्या २,५९३ मुलांचा वर्षभर पाठपुरावा करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत आणि शाळेभोवती हिरवाई जास्त असलेल्या मुलांची कार्यकारी स्मृती, म्हणजे एखादी गोष्ट मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, त्या वर्षात अधिक वाढली. परंतु त्याच संशोधकांनी पुढे हिशेब केला तेव्हा या फायद्यातील लक्षणीय वाटा वाहनांच्या धुराचे प्रमाण कमी असल्यामुळे आहे, असे दिसले. म्हणजे झाडे काही प्रमाणात डोळ्यांना दिसून काम करतात आणि काही प्रमाणात रस्ता व शाळा यांच्यातले अंतर व आडोसा म्हणून. रस्त्याला चिकटून प्रवेशद्वार आणि त्याला चिकटून मैदान ठेवणाऱ्या शहरी शाळांनी या दुसऱ्या भागाचा विचार अवश्य करावा. एक सावधगिरीही बाळगावी लागते : हिरव्या शाळा बहुधा सुखवस्तू वस्त्यांत असतात, आणि घरची परिस्थिती हिशेबातून वेगळी न काढता ‘हिरवळ वाढली की गुण वाढतात’ असे छातीठोक सांगणारे आकडे विश्वासार्ह नसतात.

मैदानाची कड

हिरवाईबद्दल जेवढे लिहिले जाते तेवढे आवाराच्या मांडणीबद्दल लिहिले जात नाही, आणि माझ्या मते समाधानाचा मोठा हिस्सा तेथेच ठरतो. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी शहरांतील चौकांचे निरीक्षण करून १९७० च्या दशकापासून एक साधी गोष्ट पुन्हापुन्हा दाखवली आहे : लोक मोकळ्या जागेच्या मधोमध थांबत नाहीत, कडेला थांबतात. पाठीला काहीतरी आधार असावा आणि समोरचे सगळे दिसावे, अशी जागा माणूस आपोआप निवडतो. ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये हेच वेगळ्या वाटेने मांडले. आपण दिसू नये पण आपल्याला दिसावे, अशा जागेत माणसाला सुरक्षित वाटते, असे त्यांचे म्हणणे. देवळाचा ओटा, वाड्याची ओसरी, वडाचा पार या जागांवर माणसे तासन्‌तास का बसतात, हे कोणत्याही मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता मधल्या सुट्टीत एखाद्या मोठ्या शाळेच्या आवारात काय दिसते ते बारकाईने पाहू. घंटा होते. पहिल्या दोन मिनिटांत आठवी-नववीचे मुलगे मैदानाचा मध्य ताब्यात घेतात. तीन विटा एकावर एक ठेवून किंवा भिंतीवर कोळशाने उभ्या रेघा मारून यष्टी तयार होते आणि चेंडू कोठेही जाऊ शकतो म्हणून उरलेले मैदान आपोआप रिकामे होते. पाचवीची मुले भिंतीच्या कडेने, चेंडूकडे एक डोळा ठेवून, पकडापकडी खेळतात. मुलींचे घोळके डबे घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसतात आणि पायऱ्या ये-जा करण्याच्या वाटेत असल्यामुळे दर थोड्या वेळाने कोणीतरी ‘वाटेत बसू नका’ म्हणून त्यांना उठवते. दोघे-तिघे पाण्याच्या टाकीमागे असतात, कारण तेवढीच जागा आडोशाची आहे. ती धोक्याची ठरवली गेल्यामुळे तेथूनही त्यांना हाकलले जाते. एखादे मूल हातातला खडा कुंपणाच्या गजांवरून फिरवत एकटेच चालत असते. या शाळेचे मैदान कागदावर मोठे आहे, आणि तरी निम्म्याहून अधिक मुलांना त्यात स्वतःची म्हणता येईल अशी वीतभर जागा नाही.

यातला मुलामुलींचा फरक इतरत्रही मोजला गेला आहे. व्हिएन्ना महापालिकेने १९९० च्या दशकात आपल्या उद्यानांचा अभ्यास केला तेव्हा नऊ वर्षांच्या वयानंतर उद्यानात येणाऱ्या मुलींची संख्या एकदम घटते, मुलग्यांची घटत नाही, असे आढळले. एकच मोठे खेळांगण आणि त्याला एकच दरवाजा असला की त्यावर मुलगे कब्जा करतात आणि मुलींना जागेसाठी भांडत बसावे लागते. त्या भांडत नाहीत, निघून जातात. महापालिकेने दोन उद्यानांत मोठी जागा झाडी आणि वाटा यांनी विभागली, खेळांगणांना जास्त व रुंद प्रवेश दिले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलसाठी वेगळे तुकडे काढले, आणि मुली परत येऊ लागल्या. आपल्या शाळांना हे जमवायला फार मोठी जागा लागत नाही. पुरुषांच्या कबड्डीचे पूर्ण मैदान १३ मीटर बाय १० मीटरचे, म्हणजे १३० चौरस मीटरचे असते. क्रिकेट मात्र जितकी जागा मिळेल तितकी खाते. लंगडी आणि ठिकरी थोड्या जागेत होतात, तर सागरगोट्यांना सावलीतली चटईएवढी गुळगुळीत फरशी पुरते. ती फरशी मात्र मिळायला हवी, आणि वाटेत नको.

इंग्लंडमध्ये वेंडी टिटमन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना शाळेच्या आवाराबद्दल सविस्तर बोलते केले. मुले आवाराकडे संदेश म्हणून पाहतात, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष. मोडका बाक वर्षभर तसाच पडून राहिला, तर ‘आमची कोणाला पडलेली नाही’ असा अर्थ मुले लावतात. गाड्या लावण्याची जागा खेळाच्या जागेपेक्षा नीटनेटकी असली, तर शाळेत मान कोणाला आहे तेही त्यांना कळते. आवारात काही करण्याची, विचार करण्याची, भावना सांभाळण्याची आणि नुसते असण्याची अशा चारही प्रकारच्या जागा मुलांना हव्या असतात, असे त्यांनी म्हटले आहे. आपल्याकडे पहिल्या प्रकाराचीच, तीही क्रीडास्पर्धांपुरती, सोय होते. रुसलेले मूल शाळेत कोठे जाऊन बसते, असे मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ‘स्वच्छतागृहात’ असे निघेल.

कड घडवायची म्हणजे नेमके काय करायचे? सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कट्टा, पण तो कोठे आणि कसा बांधला यावर सगळे अवलंबून आहे. नेहमीचा दीड फूट उंचीचा कट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. पहिली-दुसरीच्या मुलांचे पाय त्यावर लोंबकळतात, त्यांना फूटभर उंची पुरते. कुंपणाच्या भिंतीला लागून सरळ रेषेत बांधलेल्या लांबलचक कट्ट्यावर मुले प्रवाशांसारखी एका ओळीत बसतात आणि चौघांना एकमेकांशी बोलता येत नाही. १९५० च्या दशकात कॅनडातील मनोरुग्णालयात काम करणारे हम्फ्री ऑस्मंड यांनी हाच मुद्दा मांडला होता : काही मांडण्या माणसांना जवळ आणतात, काही दूर लोटतात. काटकोनात वळणारा किंवा अर्धवर्तुळाकार कट्टा त्याच खर्चात गप्पांची जागा देतो. ॲमस्टरडॅममध्ये १९४७ पासून शेकडो छोटी क्रीडांगणे आखणारे आल्डो व्हान आयक वाळूच्या हौदाची काँक्रीटची कड मुद्दाम रुंद आणि बुटकी ठेवत. लहान मुले आत खेळत, मोठी कडेवर बसत, आणि तीच कड दुकान मांडायलाही उपयोगी पडे.

झाडाभोवती पार बांधायचा तर बुंध्यालगत सिमेंट ओतू नये. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते, तोच दंडक शाळेतही पाळावा. ‘सुशोभीकरण’ म्हणून बुंध्याला गच्च आवळलेले पार अनेक शाळांत दिसतात. मुळांना पाणी-हवा मिळेनाशी झाली की झाड सुकत जाते आणि सावली देणारे कारणच संपते.

थोडा धोका, थोडे सुटे सामान

आवारात काय करता येते, हा समाधानाचा दुसरा आधार. डेन्मार्कमधील परिसर-रचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की मुलांना त्यांनी आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागेवरचा राडारोडा अधिक प्रिय असतो. त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे भंगाराचे क्रीडांगण सुरू झाले : फळ्या, विटा, दोऱ्या आणि त्यांतून मुलांना हवे ते. घसरगुंडीवर काय करायचे ते आधीच ठरलेले असते आणि दहा मिनिटांत ते करून संपते. जुने टायर, बांबूचे तुकडे, गोणपाट, पाण्याचा पाट यांचे रोज नवे काही करता येते.

समाधानाशी थेट संबंध असलेला एक प्रयोग न्यूझीलंडमध्ये झाला. सोळा प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांना आवारात धोका आणि आव्हान वाढवायला, सुटे साहित्य आणायला, नियम सैल करायला साहाय्य केले. उरलेल्या शाळा आहेत तशाच ठेवल्या. दोन वर्षांनी पहिल्या गटातील मुले शाळेत अधिक आनंदी असल्याचे सांगत होती. त्या मुलांनी ढकलाढकली जास्त झाल्याचेही सांगितले, पण शिक्षकांकडे तक्रार घेऊन जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी झाले होते. म्हणजे खेळ अधिक दांडगा झाला, आणि तो आपापसात निभावून नेण्याची सवयही मुलांना लागली.

आपल्याकडे हे सुचवले की पहिला प्रश्न ‘पडले तर जबाबदार कोण’ असा येतो, आणि तो चुकीचा नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गामागे एक शिक्षक असताना सुट्टीत देखरेख करणारा हात मोकळा नसतो. म्हणून धोक्याची प्रतवारी करावी. दिसणारा धोका, उदाहरणार्थ झाडाची खालची फांदी, मूल स्वतः तोलून पाहते; न दिसणारा धोका, म्हणजे गंजलेली कडी, उघडी विजेची तार, झाकण नसलेली टाकी, त्याला तोलता येत नाही. पहिला ठेवावा, दुसरा त्याच दिवशी काढावा. बऱ्याच शाळांत याच्या उलट होते : झाडावर चढायला बंदी असते आणि मोडक्या झोक्याची बाहेर आलेली सळई वर्षानुवर्षे तशीच असते.

ऊन, पाऊस आणि पेव्हर ब्लॉक

वरचे बहुतेक संशोधन थंड हवेच्या देशांतले आहे. तेथे मुलांना उन्हात नेणे हा हेतू असतो. महाराष्ट्रात प्रश्न उलटा आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्यातील इतर भागांनंतर उघडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरते. अशा हवेत जमिनीवर काय पसरले आहे, यावर मैदान वापरता येईल की नाही हे ठरते. हवेचे तापमान ४० अंश असताना उन्हातले काँक्रीट सहज ५० च्या पुढे जाते आणि गडद रंगाचे रबर त्याहून तापते. मूल उंचीने कमी असल्यामुळे त्या तापलेल्या पृष्ठभागाच्या अधिक जवळ असते. चिखल नको म्हणून अख्ख्या आवारात पेव्हर ब्लॉक घालण्याची जी लाट आली आहे तिचा हा हिशेब कोणी मांडत नाही. चिखलाचे मूळ बहुधा उताराच्या अभावात असते. साधारण शंभर फुटांना एक फूट उतार, मुरमाचा थर आणि कडेने चर एवढ्यावर मातीचे मैदान तग धरते. पेव्हर ब्लॉक वाटांपुरते, परिपाठाच्या ओळींपुरते आणि नळांभोवती घालावेत.

युरोपातील शहरेही आता याच अनुभवातून जात आहेत. बार्सिलोनाने ११ शाळांच्या आवारांत सावली, झाडे आणि पाणी आणून त्यांना उष्म्यापासून आसरा देणाऱ्या जागा केले. पॅरिसने २०१८ पासून शाळांची डांबरी अंगणे उकरून तेथे पाणी मुरणारी जमीन, झाडे आणि लाकडी बैठका आणायला सुरुवात केली. त्या शहरात शाळांची अंगणे मिळून सत्तर हेक्टरांहून अधिक क्षेत्र भरते, म्हणजे हा शहराच्या तापमानाचाही प्रश्न आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली किंवा शेवाळाखाली असते. तेथे मैदानाइतकाच रुंद व्हरांडा किंवा पडवी महत्त्वाची. जेमतेम चार फुटी व्हरांडा केवळ वाट असतो; आठ-दहा फुटी व्हरांड्यात वाट सोडूनही डबा खाता येतो, सागरगोटे खेळता येतात, खिचडीची पंगत बसते. इमारतीच्या आराखड्यात सर्वांत आधी कापला जातो तो हाच भाग, कारण चौरस फुटांच्या हिशेबात तो ‘वाया गेलेला’ दिसतो.

सावलीसाठी झाड निवडताना गुलमोहराचा मोह टाळावा. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वळवाच्या वाऱ्यात मोडतात. करंज आणि कडुनिंब पाने गाळतात, पण उन्हाळा तापेपर्यंत पुन्हा भरतात. कण्हेर शोभेची असली तरी विषारी आहे, ती प्राथमिक शाळेत नको. झाडे मोठी होईपर्यंतची सात-आठ वर्षे शेडनेटचा मांडव चालतो. पत्र्याची शेड मात्र दुपारी स्वतःच तापते आणि पावसात आवाज इतका करते की खाली बोलणे ऐकू येत नाही.

भिंती आणि फरशांचा शिकण्यासाठी उपयोग करण्याची ‘बाला’ ही कल्पना दिल्लीतील विन्यास या संस्थेचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी आणि त्यांचे सहकारी यांनी युनिसेफच्या साहाय्याने विकसित केली. पायऱ्यांवर संख्यारेषा, दाराखाली कोनमापक, अंगणात ठिपक्यांची जाळी ही तिची ओळख. आपल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत ती पोहोचली, पण बहुतेक ठिकाणी रंगरंगोटीपुरती. ठिपक्यांच्या जाळीवर मुले स्वतः खेळ मांडतात तेव्हा ती जिवंत असते. भिंतीवरचा नकाशा दोन महिन्यांत कोणी पाहत नाही.

आपल्या शाळेत हे कसे तपासावे

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. आवाराचा हाताने काढलेला नकाशा घ्यावा. मधल्या सुट्टीत दर पाच मिनिटांनी एक फेरी नजर फिरवून मुले जेथे आहेत तेथे ठिपका द्यावा. मुलींसाठी एक रंग, मुलग्यांसाठी दुसरा, लहान वर्गांसाठी वेगळी खूण. हे आठवडाभर केले की नकाशावर रिकामे पट्टे आणि दाट गोळे दिसू लागतात. त्यानंतर मुलांच्या छोट्या गटांनी शिक्षकांना आवार फिरवून दाखवावे : येथे आम्ही बसतो, येथे मोठी मुले येऊ देत नाहीत, येथे वास येतो, येथे एकटे जायला भीती वाटते. मुलींच्या स्वच्छतागृहाची वाट, त्याचे दार कोठे उघडते आणि ते मैदानावरून किती दिसते, हे याच फेरीत कळते. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी इमारतीला रॅम्प असतो, परंतु तो उतरून पुढे मैदानापर्यंत जाता येत नाही, हेही बहुधा तेव्हाच ध्यानात येते. प्रश्नावली द्यायचीच तर या दोन्हींनंतर द्यावी, आणि ‘मैदान आवडते का’ असे न विचारता ‘काल सुट्टीत कोठे होतास, तेथे का’ असे विचारावे.

खर्चाचा क्रम हर्झबर्ग यांच्या मांडणीतूनच निघतो. आधी नळांची संख्या, स्वच्छतागृह, उतार आणि धोकादायक वस्तू. मग सावली आणि बसण्याच्या कडा. मग मैदानाची विभागणी, आणि तीही प्रथम चुन्याच्या रेघांनी व वेळापत्रकाने करून पाहावी, कारण क्रिकेट आठवड्यातून दोन दिवस आणि उरलेले दिवस लहान वर्गांचे मैदान, हा बदल फुकट आहे. खेळणी सर्वांत शेवटी. मुलांना कामात घेतले तर उत्तम. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे वॉशिंग्टन शाळेचे डांबरी अंगण १९७२ पासून शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांनी मिळून बदलले, त्यातल्या काही भागात तळी आणि झाडी आणली, आणि रॉबिन मूर यांनी तेथील मुलांच्या वापराची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. आपल्याकडे पोषण आहाराशी जोडलेली परसबाग हे काम करू शकते, मात्र ती फोटोपुरती नसावी.

देखभाल हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग. जूनमध्ये थाटात लावलेले रोप मे महिन्याच्या सुट्टीत पाण्यावाचून मरते आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे लागते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम असून समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे कट्टा, झाड किंवा मांडव यांचा ठराव करतानाच पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, मोडतोड कोणी किती दिवसांत दुरुस्त करायची आणि त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, हे त्याच ठरावात नावांसह लिहून घ्यावे.